पहिला कोडे-खेळ : त्याची आखणी कशी करावी



शाळाभेटीच्या वेळी अलीकडे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. वर्गात टॅब आहे, एखादा संगणक आहे, निदान गुरुजींचा स्वतःचा मोबाइल तरी आहे. त्यावर मुले बाजारात मिळणारे रंगीबेरंगी खेळ आवडीने खेळतात. मग आपल्या पाठास उपयोगी पडेल असा एखादा छोटा कोडे-खेळ आपणच का तयार करू नये? प्रश्न रास्त आहे. स्क्रॅचसारखे साधन विनामूल्य मिळते, एकदा संगणकावर उतरवून घेतले म्हणजे इंटरनेटवाचूनही चालते, आणि त्यात आज्ञा लिहावयाच्या नसून ठोकळ्यांप्रमाणे एकाखाली एक जोडावयाच्या असतात. धडगाव-मोलगीच्या डोंगराळ भागात ही सोय लहान नव्हे.

परंतु साधन हाती आले म्हणजे खेळ तयार झाला, असे होत नाही. साधन शिकण्यास आठ-पंधरा दिवस पुरतात. खेळाची आखणी मात्र त्याआधी कागदावर झालेली नसेल तर पुढील सर्व श्रम वाया जातात, आणि प्रसंगी मुलाचे नुकसानही होते. हे मी स्वानुभवाने सांगत आहे. म्हणून प्रथम माझी फसगत सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

मी आखलेला पहिला खेळ भलताच मोठा होता. जिल्ह्यातील सहाही तालुक्यांतील एकेक प्रेक्षणीय स्थळ घ्यावे, त्याच्या चित्राचे तुकडे करावेत, मुलांनी ते सरकवून चित्र जुळवावे, चित्र जुळले की त्या स्थळाची माहिती मराठीत व मुलांच्या बोलीत ऐकू यावी, असा तो बेत होता. चाळीस मजली (मुले ज्यास 'लेव्हल' म्हणतात, त्यास मी येथे मजल म्हणतो) ठरविल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत आरंभ केला; उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत एकच मजल कशीबशी उभी राहिली. ती तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या चित्राची होती. नऊ घरांची चौकट, त्यात चित्राचे आठ तुकडे व एक घर रिकामे. यंत्राने तुकडे वाटेल तसे पसरावेत आणि मुलाने ते रिकाम्या घरातून सरकवीत जागेवर आणावेत, एवढाच खेळ.

तो मी अक्राणी तालुक्यातील एका शाळेत चौथीच्या एका मुलाच्या हाती दिला. मुलगा वर्गात गणितात पुढे होता. त्याने पाऊण तास मान वर केली नाही. वरच्या दोन्ही ओळी लागल्या, खालच्या ओळीत मात्र सातवा व आठवा तुकडा एकमेकांच्या जागी राहिले. त्याने पुन्हा मोडले, पुन्हा मांडले, पुन्हा तेच. शेवटी टॅब माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "साहेब, मला नाही येत." आणि त्यानंतर त्या दिवशी त्याने टॅबला हात लावला नाही.

त्याला येत नव्हते हे खरे नव्हते. ते कोडे सुटणारेच नव्हते. दोष मुलाचा नव्हता, माझ्या आखणीचा होता. आणि मी तो त्या घटकेला ओळखलाही नाही. उलट मी त्याला आणखी प्रयत्न करण्यास सांगितले!

या प्रकारच्या कोड्याचा इतिहास मी नंतर पाहिला. पंधरा तुकड्यांचे असेच कोडे अमेरिकेत १८८०च्या सुमारास घरोघर पोचले होते. १४ व १५ यांची अदलाबदल करून दाखवावी म्हणून लोक रात्र-रात्र बसत. पुढे सॅम लॉइड या कोडेकाराने त्यासाठी हजार डॉलरचे बक्षीस सांगितले होते. ते देण्याची पाळी येणारच नव्हती, कारण जॉन्सन व स्टोरी या दोन गणितज्ञांनी १८७९मध्येच सिद्ध केले होते की तुकड्यांच्या मांडण्यांपैकी अर्ध्या मांडण्या कितीही सरकविल्या तरी सुटत नाहीत. आपल्या नऊ घरांच्या चौकटीपुरते कारण सोपे आहे. तुकड्यांचे क्रमांक पुस्तकाच्या ओळीप्रमाणे वाचावेत व मोठा क्रमांक लहानाच्या आधी आला आहे अशा जोड्या मोजाव्यात. तुकडा आडवा सरकविला तर वाचनाचा क्रम मुळीच बदलत नाही. उभा सरकविला तर तो नेमके दोन तुकडे ओलांडतो; म्हणून उलट्या जोड्यांची संख्या दोनाने वाढते, दोनाने घटते किंवा आहे तशीच राहते. सम असेल तर ती समच राहणार, विषम असेल तर विषमच. पूर्ण चित्रात उलट्या जोड्या शून्य, म्हणजे सम. तेव्हा आरंभीच विषम मांडणी दिली तर मुलाने कितीही धडपड केली तरी चित्र जुळणे नाही. एकूण मांडण्या ३,६२,८८०. त्यांपैकी १,८१,४४० सुटतात आणि तितक्याच सुटत नाहीत. माझे यंत्र प्रत्येक दुसऱ्या मुलापुढे न सुटणारे कोडे ठेवीत होते.

यावर उपाय आहे, आणि ज्यांना चित्रकोडेच करावयाचे असेल त्यांनी तो ध्यानात ठेवावा : तुकडे वाटेल तसे पसरू नयेत. पूर्ण जुळलेल्या चित्रापासून आरंभ करून यंत्राकडूनच पन्नास-साठ नियमबद्ध सरकवण्या करवाव्यात. ज्या वाटेने चित्र मोडले त्याच वाटेने ते उलट जुळू शकते, म्हणून असे कोडे सुटणारच.

या अनुभवानंतर पहिल्या खेळासाठी मी स्वतःला दोन अटी घालून घेतल्या. खेळातील यच्चयावत स्थिती आपणांस एका पानावर लिहून काढता आल्या पाहिजेत, आणि प्रत्येक कोडे सुटते हे आपण यंत्राला हात लावण्यापूर्वी स्वतः पडताळलेले असले पाहिजे. या अटी जाचक वाटतील. पण जगात नावाजलेले कोडे-खेळही असेच काटछाटीतून झालेले आहेत. 'टेट्रिस' हा खेळ मॉस्को येथे अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४मध्ये केला. त्यांच्यासमोर पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे असलेले पेटीतील जुने कोडे होते. ते तसेच यंत्रावर न आणता त्यांनी चौकोन चारावर आणले. तुकडे सातच उरले. त्यांच्या यंत्रावर चित्र काढण्याची सोयही नव्हती. त्यांनी कंसाच्या चिन्हांनी चौकोन दाखविले. दुसरे उदाहरण '२०४८' या खेळाचे. गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने तो मार्च २०१४मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत रचला, हे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ज्या 'थ्रीज' नावाच्या खेळावरून ती कल्पना उतरत आली, त्याच्या कर्त्यांनी सुमारे चौदा महिने केवळ नियम घासूनपुसून नीट करण्यात घालविले होते, हे सहसा सांगितले जात नाही. आपणांस चौदा महिने नाहीत. म्हणून आपण कोडे नव्याने शोधू नये. ज्याचे नियम आधीच पारखलेले आहेत असे एखादे घ्यावे.

असे कोडे आपल्याच एका शिक्षकबंधूने देऊन ठेवले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा ध्यास; आणि १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा जो गुण दाखविला तो आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखला जातो. मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा पुष्कळांना हे नाव प्रथम कळले. तोवर त्यांच्याच देशातील अनेकांना हा निव्वळ पोरखेळ वाटत होता. आपणांस तर पोरखेळच हवा आहे.

कापरेकरांची रीत अशी : सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते व तेथेच थांबते. चौथीच्या मुलास मात्र सात वेळा चार अंकी वजाबाकी म्हणजे शिक्षा होईल. तीन अंकांत हीच रीत ४९५ वर जाऊन थांबते, आणि सहापेक्षा अधिक पावले कधी लागत नाहीत. पहिला खेळ त्यावरच बेतावा.

समजा मुलाने ८, १, ५ हे अंक घेतले. ८५१ वजा १५८ म्हणजे ६९३. पुन्हा ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. पुन्हा ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. तीन पावलांत घर गाठले. ७, ४, २ घेतले असते तर ७४२ वजा २४७ म्हणजे एकाच पावलात ४९५.

आता शिक्षकाने खोल जाऊन पाहावयाचे ते येथे. या वजाबाकीत मधला अंक वर-खाली तोच असतो. एककाच्या घरी वरचा अंक नेहमी लहान असल्यामुळे हातचा घ्यावाच लागतो. दशकाने एक उसना दिल्यावर त्यालाही शतकाकडून घ्यावा लागतो, आणि म्हणून उत्तराचा मधला अंक नेहमी ९च येतो. दोन टोकांच्या अंकांची बेरीजही नेहमी ९. हातच्याची वजाबाकी तपासण्यास मुलाच्या हाती याहून सोपे साधन मी तरी पाहिले नाही : मधे ९ नसेल किंवा टोके मिळून ९ होत नसतील तर मूल आपली चूक आपणच धरते, गुरुजींकडे पाटी आणावी लागत नाही.

याहूनही उपयोगाची गोष्ट ही की उत्तर केवळ एका गोष्टीवर अवलंबून असते : सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील अंतरावर. ते अंतर जितके, त्याच्या ९९ पट उत्तर. अंतर १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे हजार संख्यांचा हा पसारा वस्तुतः नऊ ओळींचा आहे :

अंतर १ : ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ (सहा पावले)
अंतर २ : १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५ (पाच)
अंतर ३ : २९७, ६९३, ५९४, ४९५ (चार)
अंतर ४ : ३९६, ५९४, ४९५ (तीन)
अंतर ५ : ४९५ (एक)
अंतर ६ : ५९४, ४९५ (दोन)
अंतर ७ : ६९३, ५९४, ४९५ (तीन)
अंतर ८ : ७९२, ६९३, ५९४, ४९५ (चार)
अंतर ९ : ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ (पाच)

ही नऊ ओळींची यादी म्हणजेच आपला संपूर्ण खेळ. ती वहीत उतरवून घ्यावी, पण छापील आहे म्हणून मानू नये. प्रत्येक ओळ स्वतः करून पाहावी.

खेळाची मागणी अशी ठेवावी : यंत्र पावलांची संख्या सांगते आणि मूल तितक्याच पावलांत ४९५ गाठणारे तीन अंक शोधून मांडते. एक ते सहा पावले, म्हणून सहा मजली. मजली वाढविण्याचा मोह येथेच आवरावा.

मजलींचा क्रम लावताना मात्र एक फसवी गोष्ट आहे. एक पाऊल सोपे, सहा पावले अवघड, असे आपण सहज धरून चालतो. तसे नाही. मजल किती अवघड हे पावलांवरून ठरत नसून तिची किती उत्तरे आहेत यावरून ठरते. ००० ते ९९९ या हजार संख्यांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या म्हणजे ९९० उरतात. त्यांपैकी एका पावलात ४९५ ला पोचणाऱ्या १५०, दोन पावलांत १४४, तीन पावलांत २७०, चार पावलांत २२२, पाच पावलांत १५० आणि सहा पावलांत अवघ्या ५४. म्हणून आरंभ तीन पावलांच्या मजलीने करावा, मग चार, मग पाच, नंतर एक, त्यानंतर दोन, आणि शेवट सहा पावलांनी. एक पावलाची व पाच पावलांची उत्तरे सारखीच १५० असली तरी एक पावलाची मागे ठेवण्यास कारण आहे : तेथे पोचेपर्यंत मुलाच्या मनात 'अंतर' ही गोष्ट अंधूकपणे उभी राहू लागते आणि अंतर ५ सापडल्याचा आनंद त्याला स्वतःच्या शोधाचा वाटतो. अंतराचा नियम आपण होऊन सांगू नये. हा या खेळाचा प्राण आहे. तो सांगितला की उरते ती फक्त वजाबाकी.

यंत्राकडे वळण्यापूर्वी हा खेळ पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर खेळून पाहावा. ० ते ९ प्रत्येक अंकाचे दोन-दोन, असे वीस पत्ते करावेत. दोनच का? तीन सारखे अंक घेतले तर वजाबाकी शून्य येते व खेळ बंद पडतो. म्हणून तसे घेण्यास मनाई करावी लागते. पण पत्तेच दोन असतील तर मनाई सांगण्याची गरज उरत नाही. ५, ५, ० घेता येते, ५, ५, ५ घेताच येत नाही. नियम तोंडाने सांगण्याऐवजी साहित्यातच बसविता आला तर तो अवश्य बसवावा. ज्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जाते, तेथे सूचनेचे एक वाक्य कमी होणे हा मोठाच लाभ आहे.

पत्त्यांवर खेळताना असे प्रश्न निघतात की जे खोलीत बसून सुचत नाहीत. मी चार मुलांसह बसलो तेव्हा पहिल्याच फेरीत एका मुलीने ४, ९, ५ हेच पत्ते मांडले आणि 'शून्य पावले' म्हणाली. तिचे चूक नव्हते. पण ९५४ वजा ४५९ केल्यावरही ४९५च येते, म्हणून एक पाऊल म्हणणेही चूक नव्हे. आपण काहीतरी एक ठरवावयास हवे. मी 'निदान एक वजाबाकी केलीच पाहिजे' असे ठरविले. दुसरे कोणी वेगळे ठरवील. ठरविलेले वहीत लिहून ठेवावे, कारण यंत्र हाच प्रश्न विचारणार आणि त्या वेळी आपणांस काय ठरले होते हे आठवणार नाही.

दुसरी अडचण ०९९ ची. १, १, ० हे पत्ते घेतल्यास ११० वजा ०११ म्हणजे ९९. मुलाने पुढे ९९ वजा ९९ केले, उत्तर शून्य, आणि ते मला म्हणाले की तुमचा खेळ खोटा आहे. तीन घरे आहेत तर तिसऱ्या घरात शून्य मांडलेच पाहिजे, हे आम्ही तीन चौकोन आखून सोडविले. हीच चूक यंत्रही करते, आणि ते तर तक्रारही करीत नाही. स्क्रॅचमध्ये वजाबाकीचे उत्तर ९९ आले की त्याला दोनच अंक दिसतात. तेव्हा उत्तर शंभराहून लहान असेल तर पुढे शून्य जोडावे, ही आज्ञा विसरू नये. आपला यंत्रावरील खेळ चालतो किंवा नाही हे पाहण्यासाठी पहिला प्रयोग १, १, ० यांवरच करावा.

तिसरी गोष्ट पत्त्यांवर नव्हे, यंत्रावर आढळली. पहिल्या मसुद्यात वजाबाकी यंत्रच करीत असे. मुलाने फक्त तीन अंक दाबावयाचे. दहा मिनिटांत मुलांनी ओळखले की विचार न करता भराभर अंक दाबले तरी मजल सर होते. तीन पावलांच्या मजलीवर तर साधारणपणे चारातून एकदा! खेळ रंगला, हशाही झाला, आणि शिक्षण काडीचे झाले नाही. मग मी क्रम बदलला. मूल तीन पत्ते घरात ठेवते, पहिली वजाबाकी पाटीवर करते आणि तिचे उत्तर अंकांच्या चित्रांवर बोट ठेवून यंत्रास देते. ते बरोबर असेल तरच यंत्र पुढील पावले चालून दाखविते. मागितलेल्या पावलांशी मेळ बसला तर मजल झाली; न बसला तर आलेली संख्या ती ज्या मजलीची असेल तेथे जमा होते. चुकले, हरलात असे शब्द नाहीत, घड्याळ नाही, गुण नाहीत. जमा झालेल्या संख्या पुढच्या मजलीला उपयोगी पडतात, म्हणून मूल त्या जपते. या एका फरकाने भराभर दाबणे थांबले.

यंत्राला प्रत्यक्षात सांगावयाचे ते थोडेच आहे. तीन अंकांतून मोठा व लहान निवडणे, त्यांचे अंतर काढणे, आणि ६, ५, ४, ३, १, २, ३, ४, ५ या नऊ आकड्यांच्या यादीत अंतराइतकी जागा मोजून पावलांची संख्या पाहणे. अंक चढत्या-उतरत्या क्रमाने लावण्याचे काम यंत्राकडून करून घेण्याच्या खटाटोपात नवशिक्याने पडू नये. ते काम मुलाचे आहे. तोच तर पाठ आहे. पुढील पावलेही वरील नऊ ओळींतून उचलून दाखविता येतात.

अंकांविषयी एक सूचना. पडद्यावर मुलास मराठी अंक दिसावेत हे योग्यच. पण मुलाने ४९५ असे मराठी अंक टंकून दिले तर स्क्रॅच त्यांना संख्या म्हणून ओळखत नाही आणि हिशेबात शून्य धरते. माझा अर्धा दिवस या कारणाने गेला. म्हणून टंकलेखन मागू नये. दहा अंकांची दहा चित्रे स्वतः काढावीत, शक्य तर मुलांकडून काढून घ्यावीत, आणि प्रत्येक चित्रामागे यंत्राला समजणारा अंक ठेवावा.

कित्येकांना शब्दांचे कोडे करण्याची हौस असते. गावांची नावे ओळखा, सुटी अक्षरे जुळवा, इत्यादी. पहिल्या खेळासाठी मी तो नाद सोडावा असेच म्हणेन. नंदुरबार या शब्दात आपण पाच अक्षरे मोजतो : नं, दु, र, बा, र. यंत्र आठ मोजते, कारण अनुस्वार, उकार व काना ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. अक्कलकुवा आपल्या लेखी पाच अक्षरे, यंत्राच्या लेखी नऊ. 'दुसरे अक्षर दाखव' म्हटले तर नंदुरबारचा नुसता अनुस्वार पडद्यावर लोंबताना दिसेल. अक्षरे आपणच सुटी करून यादीत भरली तर हे टळते, पण तो दुसऱ्या खेळाचा विषय आहे.

खेळ मुलांच्या हाती देताना शिक्षकाने एक पथ्य पाळावे, आणि ते सर्वांत कठीण आहे : बोलू नये. मूल कोठे अडते, कोठे बोट चुकीच्या जागी जाते, कोणत्या मजलीवर कंटाळते, हे वहीत टिपावे. आपण समजावून सांगितल्यावर खेळ समजला, तर समजले ते आपले सांगणे. खेळ समजला नाही. तीन मुले एकाच जागी अडली तर ती जागा बदलावी. एकच मूल अडले तर थांबून पाहावे. आणि कोणतेही मूल 'मला येत नाही' म्हणाले, तर प्रथम आपली नऊ ओळींची यादी काढून ते कोडे सुटते ना हे पाहावे, मगच मुलाकडे पाहावे.

हा खेळ बसल्यावर पाचवी व त्यापुढील मुलांसाठी कापरेकरांच्या मूळ चार अंकांकडे जावे. तेथे अंतरे दोन : टोकांच्या अंकांचे व मधल्या दोन अंकांचे. उत्तर म्हणजे पहिल्या अंतराची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. पहिले अंतर १ ते ९, दुसरे त्याहून मोठे नाही. म्हणून नऊऐवजी ५४ ओळी भरतात. वहीचे एक पान पुरत नाही, दोन पुरतात. टोकांचे अंतर ६ व मधले २ असले की एकाच पावलात ६१७४ : ८५३२ वजा २३५८, किंवा ६३१० वजा ०१३६. यातून 'चौथा अंक शोधा' असे निराळेच कोडे निघते. ८, ५, ३ दिले आहेत आणि एका पावलात पोचावयाचे आहे, तर चौथा अंक कोणता? शून्याचा सापळा येथेही आहे. ९९९ येईल तेथे ०९९९ मांडावे.

अक्राणीतील त्या शाळेत मी पुढच्या वर्षी पत्ते घेऊन पुन्हा गेलो. तो मुलगा आता पाचवीत होता. टॅब मी पिशवीतून काढलाच नाही. पाचव्या मजलीवर तो थोडा रेंगाळला, सहावी त्याने दोन प्रयत्नांत सर केली, आणि मग पत्ते गोळा करता करता विचारले, "साहेब, दोनच अंक घेतले तर कुठे थांबेल?" मी तसे कधी करून पाहिले नव्हते. आम्ही दोघे फळ्याशी गेलो. ९० वजा ०९ म्हणजे ८१. ८१ वजा १८ म्हणजे ६३. ६३ वजा ३६ म्हणजे २७. ७२ वजा २७ म्हणजे ४५. ५४ वजा ४५ म्हणजे पुन्हा ०९. ते कोठेच थांबत नाही, गोल फिरत राहते. खडू त्याच्याच हाती होता; त्याने त्या पाच संख्या वर्तुळाकार लिहून त्यांच्यामध्ये बाण काढले.